गुन्नेलच्या नावाचा किडा

१

टाक्यांच्या दालनाचं दार सकाळी मी उघडत असे. ते माझं काम नव्हतं, पण केंद्रात सगळ्यांच्या आधी मी यायची, म्हणून कधीतरी किल्ली माझ्याकडे आली आणि ती परत कुणी मागितली नाही. दार उघडलं की मागच्या व्हरांड्यातला उजेड आत पडे आणि त्या उजेडातून माझी सावली टाक्यांवरून सरकत जाई. त्याबरोबर दालनभर एक थरथर होई. नळ्यांत राहणारे किडे पिसारे आत ओढून घेत. समुद्रफुलं आखडत. शिंपले मिटत; मोठं कालव मिटताना ओल्या हातांनी टाळी वाजवल्यासारखा आवाज येई. मला हे आवडायचं. कोण जगलं आणि कोण गेलं, ते एका सावलीत कळे. जिवंत असेल तो दचकतो.

आमचं केंद्र स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. समुद्रतळाचा चिखल चाळणीतून गाळायचा आणि चाळणीत जे उरेल त्याला नाव द्यायचं, हा आमचा धंदा. पाठीला कणा नसलेले प्राणी एवढाच आमचा विषय. पण प्राणी म्हणून जे काही जगात आहे, त्यातलं जवळजवळ सगळं या 'एवढ्यात' येतं. लांबच लांब फीतकिडे, भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसणारे किडे, काचेच्या बाणासारखे पारदर्शक किडे, पाठीवर आठ पत्र्यांचं चिलखत घालून खडकाला चिकटलेले कायटन, हत्तीच्या सुळ्यासारखे शिंपले. यातले मृदुकाय माझ्याकडे, म्हणजे शिंपले आणि गोगलगायी. किडे संचालकाकडे, स्टेफान ल्युंगव्हालकडे. माझ्या शिंपल्यांतलं त्याला ओ की ठो कळत नाही आणि त्याच्या किड्यांतलं मला. आमच्याकडे हे असंच असतं.

माझी धाकटी बहीण गुन्नेल केंद्राची बोट चालवायची. आमच्या या वाटणीची तिला भारी गंमत वाटे. बोटीचं लाकूड पोखरणारा एक लांबडा प्राणी आहे. त्याला सगळं जग किडा म्हणतं, पण खरं तर तो शिंपल्यांच्या कुळातला, म्हणून तो माझ्याकडे येतो.

"म्हणजे लाकूड खातो तो तुझा," ती एकदा धक्क्यावर दोर गुंडाळताना म्हणाली, "आणि मेलेल्या देवमाशाची हाडं खातो तो स्टेफानचा. मग माणसं खातो तो कोणाकडे गं?"

"तसला नाही कुणी."

"आहे की. त्याला संचालक म्हणतात."

गुन्नेल दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात धुक्यात गेली. बोट मिळाली. ती मिळाली नाही.

या शरदात खाडीच्या तळातून जाळ्यात एक हाड आलं. वीतभर, चिखलाने आणि बुळबुळीत थराने माखलेलं, आणि त्याच्यावर लाल पिसाऱ्यांचा झुबका. हे किडे हाडावरच जगतात. त्यांना तोंड नाही, पोट नाही. ते हाडात मुळं सोडतात, मुळांतून आम्ल पाझरवून हाड विरघळवतात आणि त्यावर वाढतात. अशा किड्यांच्या काही प्रजाती आधी माहीत आहेत. ही नवी होती. स्टेफानने हाड शेवटच्या टाकीत, गार पाण्यात, चिकणमातीत अर्धं रोवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. सावली सरकली. दालन दचकलं. शेवटच्या टाकीतले लाल पिसारे तेवढे तसेच उभे होते.

मेले वाटतं, म्हणून मी जवळ गेले. मेले नव्हते. ते झुकले होते. सगळेच्या सगळे, काचेकडे, मी उभी होते त्या बाजूला.

२

सकाळच्या आणि दुपारच्या कॉफीला आमच्याकडे कुणी चुकत नाही. हातातला प्राणी अर्धवट सोडून लोक येतात. डिसेंबरातल्या एका सकाळी सगळे बसले होते आणि मी कप धुवत होते.

"मार्गित, बस ना," स्टेफान म्हणाला. "तुला एक सांगायचंय. चांगलं आहे."

"चांगलं असेल तर उभ्याने ऐकते."

तो हसला. त्याला लोकांसमोर हसता येतं. "त्या हाडावरच्या किड्याला मी गुन्नेलचं नाव देतोय."

कुणाचा तरी चमचा बशीत थांबला.

"तिला किडे बघवत नसत, स्टेफान."

"अगं, हा सन्मान आहे. तू जाशील, मी जाईन. नाव राहील."

"तिचं नाव राहिलंच आहे की. चौकशीच्या अहवालात."

यावर सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. चौकशीत ठरलं होतं ते असं: धुकं असताना, सोबत मदतनीस नसताना, बोट बाहेर काढायचा निर्णय चालकाचा; चूक चालकाची. स्टेफानने सांगितलं होतं की ती आपणहून गेली. त्या दिवशी राजधानीतून बडे पाहुणे आले होते आणि त्यांना दाखवायला जिवंत प्राणी हवे होते, हे मात्र त्यात कुठे आलं नाही. निघण्याआधी गुन्नेलने नवऱ्याला फोन केला होता. "समोरचा धक्का दिसत नाहीये, आणि हा म्हणतोय जा." नवऱ्याने ते चौकशीत सांगितलं. नवऱ्याची साक्ष ती, ऐकून घेतली आणि सोडून दिली.

"मला हे नाव नकोय," मी म्हणाले.

"मार्गित, मी तुला विचारत नव्हतो. सांगत होतो."

त्याचं बरोबर होतं. आमच्या शास्त्रात नव्या प्राण्याला कुणाचंही नाव देता येतं. मेलेल्या माणसाचं असेल तर त्याच्या घरच्यांना विचारावं लागत नाही. फक्त स्वतःचं देऊ नये. ते वाईट दिसतं.

"शुक्रवारी केक आहे," तो इतरांना म्हणाला. नव्या प्रजातीला केक, ही आमची जुनी पद्धत. वरती साखरेने त्या प्राण्याचं चित्र काढून घेतात. मग त्याचे काप करून सगळे खातात.

३

मी चिडले की कामाला लागते.

अनोळखी प्राणी ओळखायचा आमचा एक ठरलेला रस्ता आहे. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न, आणि प्रश्नाला दोन फाटे. शिंपला आहे? इकडे वळा. नाही? तिकडे. अंगाला वळी आहेत? नाहीत? असं वळत वळत गेलं की शेवटी नाव येतं. पिसाऱ्यांच्या झुकण्याला मी हाच रस्ता लावला.

त्यांना सावली कळते की नाही? काठीला टोपी अडकवून मी ती टाकीवरून फिरवली. पिसारे झटकन आत. म्हणजे कळते. मग पाण्याचा प्रवाह त्यांना काचेकडे ढकलतो का? मी पंप बंद केला. टाकीच्या डावीकडे उभी राहिले, ते डावीकडे झुकले. उजवीकडे गेले, तर पाठोपाठ उजवीकडे. माझ्या अंगाची ऊब? एका पाहुण्या विद्यार्थ्याला बोलावून तिथे उभं केलं. आत. माझा कोट त्याला घालायला लावला. आतच. कोट काढून मी पुढे झाले, आणि एकेक लाल टोक बाहेर आलं, उलगडलं, झुकलं.

"तुम्हाला ओळखतात वाटतं," तो पोरगा हसत म्हणाला.

"किड्यांना मेंदू असतो तो मोहरीएवढा," मी म्हणाले. "यांना तेवढाही नाही."

तो गेल्यावर मी पंप लगेच चालू केला नाही. पंप बंद असला की दालन एरवी ऐकू न येणारे आवाज करतं. पाण्याचे थेंब, खडकावर गोगलगायीच्या जिभेची खरखर. त्या शांततेत शेवटच्या टाकीतून टक् असा आवाज आला. बर्फाच्या खड्यावर पाणी ओतलं की येतो तसा. थोड्या वेळाने पुन्हा. मला कळायला क्षणभर लागला. हाड विरघळत होतं.

या दोन फाट्यांच्या रस्त्यात एक खोट आहे. पहिलाच फाटा चुकला, तरी पुढचे सगळे प्रश्न कसे छान जुळत जातात, आणि माणूस अगदी खात्रीने भलत्याच नावाशी जाऊन पोचतो. मी त्या दिवशी सहा-सात प्रश्न विचारले. पहिला मात्र विचारलाच नव्हता.

४

गुन्नेलचा नवरा ब्योर्ये मासेमारीतून निवृत्त झालाय. दर बुधवारी मी त्याच्याकडे दुपारचं जेवते. तळलेले हेरिंग मासे, उकडलेले बटाटे, राय नावाच्या धान्याची कडक पोळी. त्याच्या खिडकीतून चर्चचं आवार दिसतं. तिथे गुन्नेलच्या नावाचा दगड आहे आणि दगडाखाली काही नाही. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतात. ब्योर्येही लावतो, आणि दरवेळी म्हणतो, "मातीला उजेड दाखवून आलो."

किड्याचं मी त्याला सांगितलं. आधी तो हसला. त्याचं हसणं मोठं आहे, ताटं हलतात.

"म्हणजे आता मी किड्याचा नवरा!"

"ब्योर्ये..."

"नाही, मला समजून घेऊ दे. सणावाराला त्याला जेवायला बोलवायचं का? केक आहे म्हणालीस. मला आमंत्रण आहे की फक्त बायकोला?" मग एकदम त्याने काटा खाली ठेवला. "दोन वर्षं मी त्या माणसाकडून एक वाक्य मागतोय, मार्गित. एक. 'मी पाठवलं.' बाकी काही नको. आणि हा मला किडा देतोय."

मी बटाटे त्याच्याकडे सरकवले. बोलले असते तर ओरडले असते, आणि आम्ही जेवताना ओरडत नाही.

त्याने बटाटा सोलला. सोलता सोलता सहज विचारलं, "बसलाय कशावर तो?"

"हाडावर."

"कुणाच्या?"

"सीलच्या. फासळी आहे."

"कोण म्हणालं?"

"स्टेफान."

"तो तर किड्यांचा माणूस ना?"

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. आमच्या केंद्रात वीस माणसं आहेत. त्या हाडासमोर सगळी वाकून गेली होती. मीसुद्धा. पिसारे किती, रंग कसा, नळी कुठवर, मुळं किती खोल. हाड म्हणजे किडा ज्याच्यावर बसलाय ती गोष्ट. कणा असलेल्या प्राण्याकडे बघायची आम्हा कुणालाच सवय नाही.

"मार्गित," ब्योर्ये म्हणाला. त्याने सुरी खाली ठेवली होती. "जाळं कुठल्या खाडीतून ओढलं?"

मी सांगितलं. गुन्नेलची बोट त्याच खाडीत मिळाली होती. खिडकीबाहेर कुणीतरी चर्चच्या आवारातली पानं झाडत होतं.

५

दुसऱ्या दिवशी, दुपारच्या कॉफीला सगळे वर गेले तेव्हा मी दालनात गेले. आमच्याकडे डिसेंबरात त्या वेळेला अंधारून येतं. खिडक्या काळ्या झाल्या होत्या आणि टाक्यांवरचे निळे दिवे तेवढे जळत होते. मी बाही कोपरापर्यंत चढवली आणि शेवटच्या टाकीत हात घातला.

पाणी इतकं गार होतं की आधी भाजल्यासारखं वाटलं. पिसारे मागे हटले नाहीत. ते माझ्या मनगटावर टेकले. ओल्या पापण्या टेकाव्यात तसे. मी बोटं खाली नेली, चिकणमातीत, आणि हाडाच्या कडेकडेने चालवली.

फासळी एकाच बाजूला वळते. हे आधी एका बाजूला वळलं आणि मग दुसऱ्या. एक टोक जाड, दुसरं चपटं. माझा डावा हात माझ्या नकळत वर गेला होता, स्वेटरच्या गळ्यातून आत, आणि माझ्याच गळ्याखालच्या आडव्या हाडावरून फिरत होता. पाण्यातला हात आणि हा हात एकाच वळणावर वळत होते. हंसळीचं हाड. सीलला ते नसतं. देवमाशाला नसतं. मेंढी, गाय, कुत्रा, बुडून त्या खाडीत जाऊ शकेल अशा कुणालाच नसतं. ते लागतं माणसाला, हात बाजूला फेकून पोहायला, हाक मारताना हलवायला.

मग मधोमध बोटाला गाठ लागली.

गुन्नेल लहानपणी बर्फावरच्या घसरगाडीवरून पडली होती. हंसळी मोडली आणि वेडीवाकडी जुळली. आम्ही एका पलंगावर झोपायचो. ती गाठ चाचपायची मला भारी हौस, आणि ती त्याचं भाडं घ्यायची. लिमलेटची एक गोळी.

मी स्वतःला सांगितलं, झाडाला किडा लागला की फांदीला गाठ येते. हाडालाही येत असेल. मुळांमुळे. असं होऊ शकतं. हे मी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगत असताना पिसारे माझ्या बोटांमधून वर आले आणि मिटले. पकडल्यासारखे नव्हे. अंधारात पलंगावर शेजारचीचा हात सापडावा तसे.

मी तिचं नाव घेतलं नाही. ओठांवर आलं होतं. मुद्दाम घेतलं नाही.

एकाएकी सगळे पिसारे आत गेले. सगळे, एकदम. माझ्या हातात नुसतं हाड उरलं. मागे दारात पावलं वाजली होती.

६

"हात काढ," स्टेफान म्हणाला. "पाणी गढूळ होतंय."

"सीलची फासळी ना ही?"

"हो."

"सीलला हंसळी कधीपासून आली?"

त्याने दार लावून घेतलं. जवळ आला नाही. पंप गुरगुरत होता.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"चिखल धुतला तेव्हापासून."

असं साधं सांगितलं त्याने. जणू मी टाकीचं तापमान विचारलं होतं.

"पोलिसांना दिलं असतं तर काय झालं असतं, मार्गित? धुऊन, वाळवून त्यांनी ते पेटीत घातलं असतं. हे किडे मेले असते. जगात दुसरीकडे कुठेही सापडलेले नाहीत असे किडे."

"आणि म्हणून तिचं नाव."

"मला वाटलं, एवढं तरी करावं."

मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. तो हात त्या वेळी पाण्यात होता आणि बोटं बधिर झाली होती, एवढंच.

"हाड मला दे."

"उद्या ते आम्लात जाईल. मुळं अखंड निघाल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही, तुला माहितीये."

"तिची एवढी एकच गोष्ट मिळालीये, आणि तू ती विरघळवणार?"

"विरघळतेच आहे ती," तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. "ते माझ्यासमोर कधी उघडले नाहीत. तुला माहितीये हे? एकदाही नाही. मी इथे तासन्‌तास बसलोय. श्वास रोखून बसलोय. सगळं वर्णन मी कॅमेऱ्यातल्या चित्रांवरून लिहिलंय. मी दारातून वळलो की ते उघडतात. दार पुढे करून कान लावला तर आतून..." तो थांबला. "मला हे संपवायचंय."

"तर मग सांग, तू तिला पाठवलंस."

"ती आपणहून गेली."

हे वाक्य त्याचं पाठ झालं होतं. त्याला त्यासाठी तोंड उघडावं लागतं तेवढंच. टाकीतून टक् आवाज आला. तो दचकला.

"किल्ली दे," तो म्हणाला. संचालक होता तो. मी किल्ली दिली. मी बाहेर पडेपर्यंत तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

पोलिसांना मी घरून फोन केला. तिकडचा माणूस फार सौजन्याने बोलला. हाड दोन वर्षं समुद्रात होतं, तर सोमवारपर्यंत थांबायला हरकत नसावी, असं त्याचं म्हणणं पडलं.

मग मी ब्योर्येला फोन केला.

७

शुक्रवारी तो चर्चला घालायचा काळा कोट घालून आला. काखेत एक लहानशी पेटी. रात्रभर बसून त्याने ती रंधा मारून बनवली होती. झाकणाला बिजागरी नव्हती, चामड्याची पट्टी होती.

"मापाचं विचारलं नाही तुला," तो म्हणाला. "अंदाजाने केलीये."

वरच्या खोलीत केक मांडला होता. हिरव्या बदामी थराचा, आणि वर लाल साखरेचे पिसारे. खाली पांढऱ्या साखरेने हाडसुद्धा काढलं होतं. कुणीतरी ब्योर्येला पाहून उठलं, कुणीतरी त्याच्यासमोर बशी सरकवली.

"संचालक कुठेत?" मी विचारलं.

"खाली टाक्यांकडे. म्हणाला, तुम्ही सुरू करा."

ब्योर्येने बशी परत सरकवली. "माझ्या बायकोचा तुकडा तुम्हीच खा," तो म्हणाला आणि आम्ही जिना उतरलो.

दालनाचं दार अर्धवट उघडं होतं. आमच्या दोघांच्या सावल्या आत पडल्या आणि टाक्यांवरून सरकल्या. काहीही हललं नाही. मला वाटलं, मेले, सगळं दालन मेलं. मग दिसलं की सगळे आधीच आत गेलेले आहेत. प्रत्येक नळी रिकामी. प्रत्येक शिंपला गच्च मिटलेला. शेवटची टाकी तेवढी लाल होती.

स्टेफान तिच्यासमोर पाठमोरा उभा होता. उजवा हात कोपराच्याही वर पाण्यात. शेजारी स्टुलावर आम्लाची काचपेटी तयार होती, चिमटा होता. तो ओरडत नव्हता. हळू बोलत होता, पाण्याशी बोलावं तसा.

"उघडले," तो म्हणाला. "मार्गित, तू आहेस का? बघ. उघडले."

पिसारे होते त्यापेक्षा जास्त दिसत होते. सगळे उघडे, आणि सगळे त्याच्या बाजूला.

"हात काढ," मी म्हणाले. त्यानेच मला म्हटलं होतं, तेच.

"येत नाहीये." तो हसल्यासारखं करत होता. "दुखत नाही. काहीच लागत नाहीये हाताला. मी ओढतोय, आणि तो येत नाहीये."

त्याने ओढलं. खांदा मागे गेला, दंड मागे गेला. काचेतून मला त्याचा हात दिसला. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये तो वाकला. जिथे हात वाकत नाही तिथे, ओल्या मोज्यासारखा, सावकाश. बोटांच्या मधून काहीतरी लाल आत-बाहेर होत होतं. मी एवढंच पाहिलं. कातडीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. पुढे डॉक्टरांनी काय नाव दिलं ते मला माहीत आहे, आणि ते नाव ज्यांनी दिलं त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

ब्योर्येने येशूचं नाव घेतलं. मी एक पाऊल पुढे टाकलं.

त्याबरोबर पिसारे वळले. सगळे नाही, काचेलगतचे. ते त्याच्यावरून सुटले आणि माझ्याकडे झुकले, आणि स्टेफानने पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास घेतला. "ये," तो म्हणाला. "तशीच ये. तू आलीस की ते सोडतात. मार्गित, ये ना."

मी पाऊल मागे घेतलं.

पिसारे परत फिरले. त्याचा चेहरा काचेवर आदळला.

ते हाड आता चर्चच्या आवारात आहे, ब्योर्येच्या पेटीत, गुन्नेलच्या दगडाखाली. स्टेफान जिवंत आहे, तो डाव्या हाताने सही करतो, आणि त्या किड्याचं वर्णन कधी छापून आलं नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. माझा जीव टांगणीला नव्हता. मी इतकी शांत होते की मला माझ्याच नाकातून जाणारा श्वास ऐकू येत होता.

"तिला कुणी पाठवलं?" मी दारातून विचारलं.

"मार्गित, देवाशपथ..."

"धुकं होतं. सोबत कुणी नव्हतं. कुणी पाठवलं?"

"ती आपण..." तो म्हणाला, आणि टाकीतून आवाज आला. टक् नव्हे. आता सलग येत होता, गरम तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसा.

"मी," तो म्हणाला. "मी पाठवलं. ती नको म्हणाली. दोनदा नको म्हणाली. मी म्हणालो, पाहुणे वर बसलेत, उशीर नको. मी पाठवलं तिला. मी पाठवलं."

ब्योर्ये माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. दोन वर्षं हे वाक्य ऐकायला थांबलेला माणूस ते ऐकल्यावर असा आवाज करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याने पेटी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने माझी बाही पकडली.

"झालं," तो म्हणाला. "बोलला तो. मार्गित, जा पुढे. सोडव त्याला. पुरे झालं."

वरच्या मजल्यावर बशा वाजत होत्या. कुणीतरी हसलं. समोर टाकीत लाल पिसारे त्या माणसावर घट्ट झुकले होते, आणि त्यातला एक, अगदी कडेचा, माझ्या बाजूला वळून थांबला होता, मी काय करते ते बघत असल्यासारखा.

मी ब्योर्येची बोटं माझ्या बाहीवरून सोडवली. दारातून हलले नाही.

"मला नीट ऐकू आलं नाही, स्टेफान," मी म्हणाले. "पुन्हा सांग. सावकाश."